स्वेटर विणायला घेताय? आधी थंडी बघा, मग पॅटर्न निवडा

दिवाळी झाली की सगळ्यांचं सुरू होतं, कुठला पॅटर्न घेऊ, हा फोटो किती छान आहे, ही वेणी जमेल का मला. माझं दरवेळी एकच सांगणं असतं की फोटो नंतर बघा, आधी हे सांगा की स्वेटर कोण घालणार, कुठे घालणार आणि त्याच्या आत-बाहेर काय असणार. महिना-दीड महिना हात चालवून विणलेली वस्तू कपाटात पडून राहिली की फार वाईट वाटतं, आणि बहुतेक वेळा त्यात विणकामाची काही चूक नसते, पॅटर्नच त्या थंडीसाठी नसतो.

आता थंडी थंडीत किती फरक आहे बघा. पुण्यात डिसेंबरात सकाळी सहाला कुडकुडायला होतं आणि दुपारी एकला पंखा लावावासा वाटतो. निफाडला द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात पण तिथेही दुपारी ऊन चांगलं तापतं. अशा थंडीला कार्डिगनच बरं, पुढून उघडं, बटणं काढली की हवा लागते, अजून गरम झालं तर काढून पिशवीत टाकता येतं, केस विस्कटत नाहीत, साडीवर ड्रेसवर दोन्हीवर चालतं. लोकर चार प्लाय, म्हणजे बारीक, किंवा फार तर डीके, म्हणजे त्याहून थोडी जाड, अशी घ्या, त्याहून जाड नको. दिल्ली, चंदिगड किंवा हिमाचलच्या ट्रिपसाठी विणत असाल तर मात्र बंद गळ्याचा, डोक्यातून घालायचा पुलओव्हर आणि वरून जॅकेट, कारण तिथे घरातसुद्धा गारठा असतो. आणि मुलगा-मुलगी कॅनडात, जर्मनीत असतील तर उलटंच, घरात ऑफिसात हीटिंग असतं, वीस-एकवीस डिग्री, तिथे जाडजूड स्वेटर घालून बसवत नाही, बाहेर जाताना वरून कोट असतोच. म्हणून परदेशी पाठवायचं तर जाड लोकरीचा मोह टाळा, मध्यम जाडीचं कार्डिगन जास्त वापरलं जातं.

एक गोष्ट लक्षात ठेवाच, विणलेल्या कापडातून वारा आरपार जातो. स्वेटर गरम ठेवतो तो टाक्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे, आणि वारा ती हवा पळवून नेतो. म्हणून स्कूटरवर पहाटे जाणाऱ्यासाठी कितीही जाड विणा, वरून विंडचीटर लागणारच. मग पॅटर्न असा निवडा जो जॅकेटच्या आत नीट बसेल. खांदा दंडावर उतरलेला असतो ना, ड्रॉप शोल्डर म्हणतात तो, किंवा वटवाघळासारखी ढगळ बाही, हे फोटोत फार छान दिसतं पण जॅकेटच्या आत काखेत सगळा गोळा होतो. जॅकेटखाली घालायचं असेल तर रॅगलन, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जोडलेली बाही घ्या नाहीतर नीट मुंढा कापलेली बाही.

आता वीण. साधी सुलट सुई-उलट सुई (इथे सुई म्हणजे विणलेली एक ओळ) असलेली वीण सगळ्यात पातळ आणि लोकर कमी खाणारी. सगळ्या सुया सुलट विणलं की कापड जाड होतं, उबदार होतं, पण लोकरही जास्त लागते आणि उंचीला पटकन भरत नाही. वेण्यांची वीण म्हणजे केबल, ती खरंच गरम असते कारण टाके एकमेकांवर चढतात आणि मध्ये हवा राहते, पण वेणी रुंदीत आत ओढते, म्हणून साध्या विणीचे टाके मोजून त्यात मनाने वेण्या घातल्या तर स्वेटर घट्ट होणार, पॅटर्न वेण्यांसाठीच लिहिलेला हवा. दोन रंगांची नक्षी, ज्यात मागून दुसऱ्या रंगाचा धागा जातो, तीही उबदार, जवळजवळ दुहेरी थर होतो. फक्त लहान मुलांच्या बाहीत असे मागचे लांब धागे नकोत, बोटं अडकतात. जाळीची वीण थंडीसाठी नको, ती संध्याकाळच्या गार वाऱ्याला, लग्नाच्या हॉलला ठीक.

जिथे खरी थंडी आहे तिथल्या लोकांनी काय केलं ते बघितलं की पॅटर्न निवडायची नजर येते. इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे कोळी जे गान्सी नावाचे स्वेटर घालायचे ते बारीक सुयांवर अगदी घट्ट विणलेले, कारण समुद्रावरचा वारा अडवायचा होता. आयर्लंडजवळच्या आरन बेटांचे स्वेटर वेण्यांनी भरलेले. शेटलंडमध्ये दोन रंगांची फेअर आइल नक्षी. आणि आइसलँडचा लोपापेसा, गोल योकवर, म्हणजे गळ्याभोवती खांद्यांच्या भागावर, नक्षी असलेला, तो तिथल्या मेंढीच्या लोकरीचा, त्या लोकरीत बाहेरचे लांब राठ केस आणि आतले मऊ असे दोन प्रकार असतात, म्हणून हलका असून गरम. तो अंगाला टोचतो हेही खरं, आत पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. ह्यातलं काहीही इथे बसून विणता येतं, पण तो लोपापेसा आपल्या साध्या ॲक्रिलिकमध्ये विणला तर नक्षी येईल, ऊब तेवढी येणार नाही.

लोकरीचं म्हणूनच बोलते. आपण दुकानात जाऊन लोकर द्या म्हणतो पण ओसवाल, वर्धमानचे जे गुंडे नेहमी मिळतात त्यातले बरेच ॲक्रिलिक असतात. त्यात वाईट काही नाही, मशीनला धुता येतं, टोचत नाही, रंग छान, लहान मुलांना आणि रोजच्या वापराला मी स्वतः तेच सुचवते. पण खऱ्या लोकरीचं वेगळं असतं, ती आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा पोटात घेते तरी ओली लागत नाही, म्हणून घाम येऊन मग गार होणाऱ्यांना, ट्रेकला जाणाऱ्यांना, बर्फात राहणाऱ्यांना खरी लोकर किंवा निदान अर्धी-अर्धी मिसळलेली घ्या. आजी-आजोबांना टोचायला नको असेल तर मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची मऊ लोकर. सूती धाग्याचं लांब कार्डिगन मात्र थंडीसाठी करू नका, जड होतं आणि दोन महिन्यांत गुडघ्याकडे लोंबायला लागतं.

पॅटर्न हातात आला की आधी मापं वाचा. पॅटर्नमध्ये दोन मापं असतात, एक अंगाचं आणि एक तयार स्वेटरचं, आणि बऱ्याच जणी पहिलंच बघून साइज ठरवतात. छाती ब्याण्णव सेंटीमीटर असेल तर तयार स्वेटर शंभरच्या आसपास हवा, आत कुर्ता किंवा शर्ट असणार आहे ना. अंगाबरोबर घालायचा बारीक लोकरीचा असेल तर पाच सेंटीमीटर सैल पुरे, जाड लोकर असेल तर दहा-बारा लागतात कारण कापडाची जाडीच जागा खाते. सगळ्यात सोपं म्हणजे ज्याच्यासाठी विणताय त्याचा नीट बसणारा एखादा जुना स्वेटर जमिनीवर पसरा, काखेखालून काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा, तेच माप पॅटर्नमध्ये शोधा. सरप्राइज द्यायचं असेल तरी हे गुपचूप करता येतं.

मग टाके. डीके लोकरीच्या पॅटर्नमध्ये साधारण लिहिलेलं असतं दहा सेंटीमीटरला २२ टाके, चार मिलीमीटरच्या सुया. समजा शंभर सेंटीमीटर घेरासाठी २२० टाके घातले, आणि तुमचा हात घट्ट आहे, तुमचे दहा सेंटीमीटरला २४ बसतात, तर तोच घेर ९२ सेंटीमीटरच्याही खाली जातो. म्हणजे सैलपणा सगळा गेला, दोन टाक्यांच्या फरकात. म्हणून पंधरा सेंटीमीटरचा चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मग मध्यभागी मोजा, कडेला नाही. टाके जास्त येत असतील तर एक नंबर जाड सुई, कमी येत असतील तर बारीक. धुणं टाळू नका, मशीनला धुता येणारी सुपरवॉश लोकर पाण्यात गेली की चांगलीच पसरते.

सुयांच्या नंबरचा घोळ फार जणींचा होतो. आपल्याकडच्या जुन्या वह्यांमध्ये, आईच्या-मावशीच्या हातच्या, "दहा नंबरच्या सुया घ्या" असं लिहिलेलं असतं ते ब्रिटिश नंबर, नंबर वाढला की सुई बारीक, दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलीमीटर, आठ नंबर म्हणजे चार. अमेरिकन पॅटर्नमध्ये बरोबर उलटं, नंबर वाढला की सुई जाड, त्यांची आठ नंबर म्हणजे पाच मिलीमीटर. तर नंबर सोडा, मिलीमीटर बघा. आणि त्या वह्या फेकू नका हं, त्यातल्या विणी सोन्यासारख्या आहेत, फक्त त्यात "नव्वद टाके घाला" एवढंच असतं, कोणाच्या मापाचे ते नसतं, म्हणून वीण तिथून घ्या आणि मापाचं गणित नव्या पॅटर्नचं.

वरून खाली विणायचा की खालून वर, हे विचारतात. पहिला मोठा स्वेटर असेल तर वरून खाली, गोल सुईवर, बिनशिवणीचा रॅगलन घ्या. मध्येच अंगात घालून बघता येतो, उंची कमी वाटली तर वाढवता येते, आणि मुलांचा असेल तर पुढच्या वर्षी खालची बॉर्डर उसवून चार बोटं वाढवता येतो, बाहीसुद्धा. पण जाड वेण्यांचं, लांब, खिसेवालं कार्डिगन असेल तर तुकडे वेगळे विणून शिवलेलं बरं. खांद्याची आणि बाजूची शिवण वजन धरून ठेवते, बिनशिवणीचं जड कार्डिगन महिन्याभरात लांबायला लागतं.

पॅटर्न चांगला लिहिलाय की नाही ते गळ्यावरून कळतं. मागचा गळा पुढच्यापेक्षा वर असायला हवा, त्यासाठी पॅटर्नमध्ये मागच्या बाजूला अर्ध्या सुया विणून परत फिरायला सांगितलेलं असतं. ते नसेल तर स्वेटर सारखा मागे सरकतो आणि पुढून गळ्याला काचतो. वाऱ्याच्या जागी राहणाऱ्यांना उंच कॉलर किंवा शाल कॉलर, ऑफिसला शर्टावर घालणाऱ्यांना व्ही गळा. उंची कंबरेखाली झाकेल इतकी हवी, आखूड स्वेटर सुंदर दिसतात पण स्कूटरवर वाकलं की पाठ उघडी पडते. मनगटाची बॉर्डर एक सुलट एक उलट, चांगली सात-आठ सेंटीमीटर.

लहान बाळासाठी डोक्यातून घालायचा स्वेटर नकोच, समोरून उघडा किंवा झबल्यासारखा एकावर एक येणारा घ्या, गळ्याला रिबीन किंवा दोरी अजिबात नको, टोपऱ्यालासुद्धा लांब नाडी नको. दोन-तीन वर्षांच्या मुलांना पुलओव्हर चालतो पण खांद्यावर दोन बटणं असलेला, त्यांची डोकी अंगाच्या मानाने मोठी असतात. आणि वयस्कर माणसांना, ज्यांचे खांदे दुखतात, हात वर जात नाहीत, त्यांना कार्डिगनच, आणि काजं मोठी, बटणं मोठी चपटी. बोटं आखडलेली असतील तर चेन लावा. आजोबांना हाफ स्वेटर आवडतो म्हणून आपण तोच करतो, पण रात्री उठताना दंड गार पडतात, एकदा पूर्ण बाहीचं पातळ कार्डिगन करून द्या आणि बघा.

लोकर किती आणायची तर वजनावर जाऊ नका, मीटर बघा. ॲक्रिलिक हलकं असतं, शंभर ग्रॅममध्ये खऱ्या लोकरीपेक्षा जास्त धागा भरतो. मध्यम मापाच्या बाईच्या पूर्ण बाहीच्या डीके स्वेटरला साधारण अकराशे ते तेराशे मीटर, वेण्या असतील तर वीस-पंचवीस टक्के वर धरा. सगळे गुंडे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घ्या, लेबलवर लॉट नंबर असतो, आणि एक जास्तीचा घ्याच. तुळशीबागेत किंवा तुमच्या गावच्या दुकानात विचारून ठेवा की न वापरलेला परत घेतात का.

बटणपट्टीबद्दल पॅटर्नमध्ये काही लिहिलेलं नसेल तर एवढं करा, कडेने टाके उचलताना दर चार सुयांमागे तीन टाके उचला, कारण सुईची उंची टाक्याच्या रुंदीपेक्षा कमी असते, सगळे उचलले तर पट्टीला झालर पडते आणि फार कमी उचलले तर पुढची बाजू वर ओढली जाते. काजं ठरवताना पहिलं छातीच्या सगळ्यात रुंद जागी ठरवा, मग वर-खाली सारखी वाटून घ्या, नाहीतर नेमकं तिथेच फाकतं आणि थंडी आत येते. बटणं काजं घालायच्या आधी आणून ठेवा, नंतर काजाच्या मापाची शोधत बसलं की मनासारखी मिळत नाहीत.