सकाळच्या घाईसाठी ओट्स-फळांचा केक

या केकमध्ये मैदा नाही, साखरही नाही. गोडवा मुख्यतः केळ्यांचा, म्हणून सालीवर काळे ठिपके पडलेली दोन केळी घ्या. पिवळीधमक केळी खायला ठीक, इथे ती फिकी पडतात.

ओव्हन १८० अंशांवर तापत ठेवा. केळी काट्याने कुस्करा, गुठळ्या राहिल्या तरी चालतील. त्यात दोन अंडी आणि पाऊण कप दूध फेटा. मग दोन कप ओट्स, दीड चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा दालचिनी पूड, चिमूटभर मीठ. मीठ वगळू नका, त्यानेच गोडी खुलते. मी निम्मे ओट्स मिक्सरमधून फिरवून घेते. पिठामुळे केक धरून राहतो, उरलेले ओट्स दाताखाली येतात.

आता दहा मिनिटं हात लावायचा नाही. ओट्स दूध पितात आणि पळीवरून धार लागणारं मिश्रण जाड होऊन थबथब पडायला लागतं. तेवढ्यात एक सफरचंद सालासकट बारीक चिरा, मूठभर बेदाणे घ्या, दोन्ही मिसळा. रसाळ फळं मात्र बेतानेच, नाहीतर मधला भाग गिच्च राहतो.

आठ इंची भांड्याला कागद लावून ३५ ते ४० मिनिटं भाजा. कडा सुटल्या आणि सुरी कोरडी निघाली की झालं. गरम असताना कापलात तर चुरा होईल. पूर्ण गार करा, वड्या पाडा. फ्रिजमध्ये तीन दिवस आरामात टिकतात.