सुतळीची पिशवी क्रोशाने विणताना हात कसे सांभाळावेत

साखळी, मुका खांब आणि खांब हे क्रोशाचे मूळ टाके येतात असं धरून चालते. येत नसतील तर आधी लोकरीवर हात बसवा. सुतळीवर शिकायला गेलात तर क्रोशाचाच वीट येईल.

सुतळी ज्यूटची घ्या, दोन किंवा तीन पदरी, साधारण ३ मिलिमीटर जाडीची. काथ्या नको, तो टाक्यात वळतच नाही. घायपाताचा दोर तर त्याहून नको, तो कातडी सोलतो. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात दोरखंड-सुतळीवाल्याकडे ती वजनावर मिळते आणि मध्यम पिशवीला साधारण अर्धा किलो लागते. हस्तकलेच्या दुकानातली छोटी रंगीत रिळं घेतलीत तर तेवढ्याच मालाला कितीतरी जास्त पैसे मोजाल. घेताना सुतळी दोन बोटांत दाबून वीतभर ओढून बघा. कुसळं टोचली तर दुसरं बंडल मागा, दुकानदार वैतागला तरी चालेल. रॉकेलसारखा वास येत असेल तर घाबरू नका. गिरणीत ज्यूट मऊ करायला तेल लावतात, त्याचा तो वास. चार दिवस सावलीत वाऱ्यावर टाकली की बराच कमी होतो.

सुई ८ मिलिमीटरची, लाकडी किंवा बांबूची. पातळ अ‍ॅल्युमिनियमची वाकते, प्लॅस्टिकची मोडते.

आता खरी अडचण. पहिली ओळ सुखाने होते, दुसरीत सुई आत जाईना होते आणि तिसरीपर्यंत अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. मग लोक सल्ले देतात. पहिला सल्ला, रबरी हातमोजे घाला. घालून बघा! सुतळी रबराला धरून बसते, ताण वाढतो, बोटाला टाका कळत नाही आणि आपल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात हात आत उकडून निघतो. दुसरा सल्ला, सुतळी रात्रभर भिजत घाला. ज्यूट पाणी पितं आणि फुगतं, पीळ आणखी आवळतो. पावसाळ्यात असं बंडल वाळेपर्यंत त्याला कुबट वास धरलेला असतो. तिसरा सल्ला, विणताना हाताला तेल लावा. सुई निसटते आणि पिशवीवर डाग पडतात. तेल लावायचंच, पण रात्री, काम संपल्यावर. खोबरेल चालतं, पण भेगा पडल्या असतील तर कोकणातलं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, त्याहून चांगलं.

मुळात हात दुखतो तो सुतळीच्या खरखरीने कमी आणि घट्ट टाक्याने जास्त. लोकर ताणली की टाका सैल होतो, ज्यूट जवळजवळ ताणतच नाही. त्यामुळे घट्ट बसलेला टाका घट्टच राहतो आणि पुढच्या ओळीत त्याची वसुली मनगटाकडून होते. म्हणून टाका सुईच्या बारीक मानेवर आवळू नका, जाड दांड्यावर बसवा. सुतळी ओढून वर आणली की तो फास थोडा उंच उचला, मगच पुढचा वेढा घ्या. सुई बाहेर काढताना तिचं तोंड खाली वळवा, म्हणजे ती तंतूंत अडकत नाही. आणि सुई ओढण्यापेक्षा डाव्या हाताने विणलेला भाग खाली सरकवा. हे शेवटचं मला जमायला फार वेळ लागला, कारण लोकरीची सवय उलटी असते. सुई पेन्सिलीसारखी धरू नका. भाजी चिरताना सुरी धरतो तशी मुठीत धरा, म्हणजे जोर बोटांऐवजी कोपरातून येतो. डावखुऱ्यांनी हात उलटे समजावेत.

हाताच्या तीन जागा झिजतात, त्यांचे उपाय वेगळे. डाव्या तर्जनीवरून सुतळी सरकते, तिथे कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. सांध्यावर नाही, दोन सांध्यांच्या मध्ये, नाहीतर बोट वाकणार नाही. जुन्या सुती मोज्याचं टोक कापून बोटात घातलं तरी चालतं. उजव्या अंगठ्यासाठी सुईच्या दांड्यावर बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिप गुंडाळा. मनगटाला मात्र विश्रांतीशिवाय उपाय नाही. दोन ओळी झाल्या की सुई खाली ठेवा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, रात्री मुंग्या येऊन झोपमोड होत असेल, तर मनगटातली नस दाबली जात असण्याची शक्यता आहे. तेव्हा पट्ट्या बांधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

सुतळी गुंडाळताना ओलसर, घट्ट पिळलेल्या फडक्यातून ओढून घ्या. एवढा ओलावा पुरतो, शिवाय कुसळंही निघतात. हे करताना नाकाला रुमाल बांधा. मध्येच सुतळीला पीळ पडला तर पिशवी तिच्याच आधाराने लोंबती सोडा, गरगर फिरून पीळ उतरतो.

बाकी पिशवी सोपी आहे. वीस सैल साखळ्या, दोन्ही बाजूंनी मुके खांब, टोकाच्या टाक्यात तीन-तीन. असा लांबट तळ हवा तेवढा रुंद झाला की वाढ थांबवा आणि गोल गोल वर चला. मी भिंतीला मुका खांब घेते, पण फास वर आणल्यावर त्यात एक साखळी जादा घालून. हात हलका राहतो. नुसते उंच खांब घेऊ नका, बटाट्यांच्या वजनाने भोकं पडतात आणि लिंबं गळतात.

पट्टे नुसते विणलेत तर दोन नारळांत गुडघ्यापर्यंत येतील. आत सुती पट्टी घालून त्यावर मुके खांब विणा आणि पट्ट्यांची टोकं पिशवीच्या भिंतीत निदान चार ओळी खाली उतरवून शिवा. अस्तर मांजरपाटाचं लावा, नाहीतर कुसळं कपड्यांना चिकटतात.

पिशवी मशीनमध्ये धुवायची नाही. डाग ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीतच वाळवा, उन्हात ज्यूट पिवळं पडतं. पावसाळ्यात ती कपाटात कोंबू नका, खुंटीला मोकळी टांगा. बुरशीचे काळे ठिपके एकदा धरले की निघत नाहीत.