आधी लिस्ट-डिक्शनरी, क्लास नंतर

लूप आणि फंक्शन जमायला लागले की जो तो सांगतो, आता ओओपी (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग) शिक, म्हणजे आधी क्लास नावाचा साचा लिहायचा आणि त्यातून हवे तितके ऑब्जेक्ट बनवायचे. मीही शिकले आणि पायथॉनमध्ये स्वतःचा पहिला प्रोग्रॅम लिहायला घेतला तो मावशीच्या भिशीच्या हिशोबाचा. बारा जणी, महिन्याला हजार रुपये. एवढ्यासाठी मी सभासद, हप्ता आणि भिशी असे तीन क्लास केले.

सभासद क्लासमध्ये ‘हप्ते = []’ ही ओळ मी इनिटच्या (नवा ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनच्या) बाहेर, थेट क्लासखाली लिहिली. एकीचा हप्ता नोंदवला की तो बाराही जणींच्या नावावर दिसायचा. मला वाटलं बेरीज चुकतेय. दोन रात्री बेरजेचं फंक्शन तपासत रडकुंडीला आले. चूक तिथे नव्हतीच. क्लासखाली लिहिलेली लिस्ट एकदाच तयार होते आणि सगळे ऑब्जेक्ट तीच वापरतात. म्हणजे बारा वह्या नव्हत्याच, एकाच वहीत बारा जणींचं लिहिलं जात होतं. तीच ओळ इनिटमध्ये ‘सेल्फ’ (म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः) लावून लिहिली की प्रत्येकीला वेगळी वही मिळते.

शेवटी सगळं पुसून एक डिक्शनरी केली: नाव आणि त्यापुढे हप्त्यांची लिस्ट. तासाभरात हिशोब जुळला. प्रिंट केलं की आतलं सगळं समोर दिसतं. साधा ऑब्जेक्ट प्रिंट केला तर क्लासचं नाव आणि मेमरीतला पत्ता येतो. जेसन फाइलमध्येही (माहिती साठवायच्या साध्या मजकूर फाइलमध्ये) डिक्शनरी सरळ जाते, ऑब्जेक्ट दिला की टाइपएरर, म्हणजे ‘हा प्रकार चालत नाही’ अशी तक्रार.

पण डिक्शनरी घेतली म्हणून निर्धास्त राहू नका! लूपबाहेर एकच रिकामी लिस्ट बनवून सगळ्या नावांना दिलीत तर हीच गत होईल. लिस्ट लूपच्या आत बनवा. शंका आली तर दोन लिस्टचे ‘आयडी’ (पायथॉनने दिलेले ओळख क्रमांक) छापून बघा. आकडा सारखा आला तर वही एकच आहे.

पहिल्याच महिन्यात कुत्रा-मांजराच्या उदाहरणांवर इनहेरिटन्स (एका क्लासचे गुण दुसऱ्याने घेणं) शिकवणं मला चुकीचंच वाटतं. आणि कुणाचा तयार क्लास चिकटवून काम भागवू नका, बिघडल्यावर तो उलगडत नाही. तुम्हाला क्लास सुचत नसेल तर तुमचं डोकं कमी पडतंय असं अजिबात नाही.

क्लासची गरज मला पुढे पडली. डिक्शनरीत ‘शिल्लक’ऐवजी चुकून ‘शिलक’ लिहून रक्कम भरली, तर पायथॉनने गुपचूप नवी नोंद केली. तेव्हा डेटाक्लास घेतला, म्हणजे कोणती नावं असणार ते आधीच लिहून ठेवायचा क्लास; ऑब्जेक्ट बनवताना चुकीचं नाव दिलं की तो लगेच एरर देतो. 2018 च्या पायथॉन 3.7 पासून तो आहे. त्यात हप्त्यांसाठी तीच रिकामी लिस्ट डिफॉल्ट म्हणून लिहिली, तर प्रोग्रॅम सुरूच झाला नाही, थेट व्हॅल्यूएरर. या वेळी कारण वाचताक्षणी कळलं.