युद्धाच्या बातमीतला ‘म्हणे’ कसा शोधावा

८ मे २०२५च्या रात्री, भारत-पाकिस्तान संघर्ष चालू असताना, आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कराचीचे बंदर तीन वेळा उद्ध्वस्त झाले. प्रत्येक वेळी व्हिडिओ वेगळा होता, प्रत्येक व्हिडिओखाली अभिनंदनाचे वर्षाव होते, आणि दूरचित्रवाणीवरही त्याच सुमारास काही वाहिन्यांच्या पट्ट्यांवर हीच बातमी धावत होती. दुसऱ्या दिवशी बंदर जागेवर होते. ११ मे रोजी नौदलाने अधिकृतपणे सांगितले ते एवढेच की, कराचीसह ठरवलेल्या लक्ष्यांवर मारा करण्याच्या पूर्ण तयारीत आपली जहाजे समुद्रात उभी होती. ‘तयारीत होती’ आणि ‘मारा केला’ यांमधले अंतर त्या रात्री लाखो माणसांनी न मोजता ओलांडले. त्यांत मीही होतो, कारण तिसरा व्हिडिओ मीच पुढे पाठवला होता.

तेव्हापासून मी एक साधी रीत पाळतो आणि तीच येथे सविस्तर मांडतो. मराठीत ‘म्हणे’ हा फार उपयोगी शब्द आहे. ‘तो गावाला गेला’ आणि ‘तो गावाला गेला म्हणे’ या दोन वाक्यांतला फरक आपल्याला लहानपणापासून कळतो: दुसऱ्या वाक्यात बोलणारा सांगून टाकतो की हे त्याने पाहिलेले नाही. युद्धकाळातल्या बातमीतून सर्वांत आधी गळतो तो हाच शब्द. म्हणून प्रत्येक मथळा वाचताना त्याच्या शेवटी मनातल्या मनात ‘म्हणे’ जोडावा आणि लगेच विचारावे की हे नक्की कोण म्हणतो आहे, त्याने ते पाहिले होते का, आणि लोकांनी यावर विश्वास ठेवला तर त्याला काय मिळणार आहे. बातमीत ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ एवढेच लिहिले असेल, तर ‘म्हणे’चा धनी लपलेला आहे असे समजावे, ‘संरक्षण मंत्रालयाच्या निवेदनानुसार’ असे असेल, तर निदान धनी समोर आहे आणि उद्या त्याला जाब विचारता येतो.

धनी समोर दिसत असला तरी तो खरा कोण हे तपासावे लागते, आणि यासाठी कुवेतचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत व्यापले. १० ऑक्टोबर १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांच्या मानवी हक्क गटासमोर पंधरा वर्षांची एक मुलगी साक्षीला आली. तिचे फक्त ‘नायिरा’ हे नाव सांगण्यात आले. कुटुंब कुवेतमध्ये अडकले असल्याने आडनाव देता येत नाही, असे कारण दिले गेले. इराकी सैनिकांनी इस्पितळात शिरून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचेच्या पेट्यांतून बाहेर काढले, पेट्या पळवल्या आणि बाळे थंड फरशीवर मरायला टाकली, हे आपण तेथे स्वयंसेविका असताना पाहिले, असे तिने रडत रडत सांगितले. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ही हकीकत पुढच्या काही आठवड्यांत अनेकदा सांगितली आणि सिनेटमधल्या चर्चेत सदस्यांनी तिचा दाखला दिला. १२ जानेवारी १९९१ रोजी सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी युद्धाला संमती दिली.

ती मुलगी अमेरिकेतल्या कुवेती राजदूताची कन्या होती, हे जगाला कळले ते जानेवारी १९९२मध्ये, म्हणजे युद्ध संपून जवळजवळ वर्ष झाल्यावर. तिची साक्ष घडवून आणण्यात हिल अँड नोल्टन या जनसंपर्क कंपनीचा हात होता, आणि कुवेतच्या बाजूने मोहीम चालवण्यासाठी त्या कंपनीला एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली होती. ज्या गटासमोर ती बोलली तो काँग्रेसची अधिकृत समिती नव्हता, त्यामुळे तिला शपथेवर बोलावे लागले नाही. कुवेत मुक्त झाल्यावर पत्रकार आणि मानवी हक्क संघटनांनी तेथील डॉक्टरांना गाठून विचारले, तेव्हा पेट्यांच्या गोष्टीला आधार सापडला नाही, आणि आधी तिला दुजोरा देणाऱ्या ॲम्नेस्टी इंटरनॅशनललाही आपले म्हणणे मागे घ्यावे लागले.

या हकीकतीतून वाचकाने उचलायच्या खुणा फारशा अवघड नाहीत. साक्षीदाराचे नाव अर्धे होते आणि त्यामागचे कारण इतके सुसंस्कृत होते की ते विचारणे असभ्य वाटावे. प्रसंग असा निवडला होता की त्यावर शंका घेणारा माणूस बाळांचा वैरी ठरावा. शिवाय गोष्ट एकट्या एका तोंडातून आली होती, पण ती इतक्या तोंडांनी पुन्हा सांगितली की दहा साक्षीदार असल्यासारखे वाटू लागले. एकाच उगमाचे पाणी दहा नळांतून आले तरी विहीर एकच असते, हे ओळखण्यासाठी बातमीतली वाक्ये मागे मागे नेत पहिल्या सांगणाऱ्यापर्यंत जावे लागते. बहुतेक वेळा हे काम पाच मिनिटांत होते, आणि ज्या वेळी होत नाही त्या वेळी तीच एक माहिती असते.

चित्रांच्या बाबतीत ‘म्हणे’ आणखी बेमालूम लपतो, कारण डोळ्यांनी पाहिले असे वाटते. माझ्याकडे आलेल्या तीन व्हिडिओंपैकी एक पुढे फिलाडेल्फियातला निघाला. ३१ जानेवारी २०२५ रोजी तेथे एक लहान विमान वस्तीत कोसळले होते, त्या आगीचे ते दृश्य ‘कराची’ या नावाने फिरत होते. पलीकडूनही तोच धंदा चालू होता: बैरूतच्या बंदरातला २०२०चा स्फोट भारतावरचा हल्ला म्हणून फिरवला जात होता, आणि संगणकावरच्या युद्धखेळांतली दृश्ये पाडलेल्या विमानांची म्हणून दाखवली जात होती. व्हिडिओ तपासायचा तर तो थांबवावा, मधली एखादी स्वच्छ चौकट स्क्रीनशॉट म्हणून घ्यावी आणि गूगल लेन्ससारख्या साधनात टाकून ती आधी कधी कोठे आली होती ते पाहावे. ते जमत नसेल तर नुसते डोळे वापरावेत. पाकिस्तानात आपल्यासारखीच वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, अमेरिकेत आणि लेबनॉनमध्ये उजव्या बाजूने. दुकानांच्या पाट्यांची लिपी, गाड्यांच्या नंबरप्लेटी, अंगावरचे गरम कपडे आणि सावल्यांची लांबी यांवरून ठिकाण आणि ऋतू यांचा अंदाज येतो. कराचीत मे महिन्यात कोणी लोकरी टोपी घालून पळत असेल तर थोडे थांबावे. अधिकृत खात्यावर आले म्हणून सुटका होते असेही नाही, कारण त्याच काळात कराची पोर्ट ट्रस्टच्या एक्स खात्यावरून बंदराचे मोठे नुकसान झाल्याचा मजकूर प्रसिद्ध झाला आणि नंतर ते खाते हॅक झाले होते असा खुलासा आला.

आता शब्दांकडे वळू. नारायणराव पेशव्यांच्या खुनात ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा आपण सर्व जाणतो, पण युद्धाच्या बातमीत एवढी चोरी करावी लागत नाही. क्रियापद बदलले की काम होते. ‘इस्पितळावर बॉम्ब पडला’ या वाक्यात बॉम्ब जणू आपोआप पडतो, ‘इस्पितळावर बॉम्ब टाकला’ म्हटले की लगेच ‘कोणी?’ असा प्रश्न उभा राहतो. बातमीदाराने ‘पडला’ लिहिले असेल तर स्वतः ‘टाकला’ असे वाचून पाहावे, आणि कर्त्याची जागा रिकामी का ठेवली आहे याचा विचार करावा; कधी ते प्रामाणिक अज्ञान असते, कधी संकोच, कधी सोय. आपल्या बाजूच्या सैनिकाला ‘वीरमरण’ येते आणि समोरच्याला ‘कंठस्नान’ घातले जाते, हा मराठी वृत्तपत्रांचा जुना रिवाज आहे आणि त्यातल्या भावनेबद्दल माझी तक्रार नाही, पण ज्या बातमीत विशेषणे काढून टाकल्यावर एकही तथ्य उरत नाही ती बातमी नव्हे. हा प्रयोग पेन्सिल घेऊन कागदावर करावा. ‘शत्रूला धडकी भरवणाऱ्या, अभूतपूर्व, जबरदस्त दणक्यात तळ बेचिराख’ यातले उरलेले शब्द आहेत ‘तळ बेचिराख’. कोणता तळ, केव्हा, कशाने, हे तिन्ही प्रश्न तसेच राहतात.

आकड्यांसाठी मी जुन्या काळातले एक पत्र मापाला ठेवतो. पानिपतच्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना सावकाराच्या सांकेतिक पत्रातून कळली, अशी परंपरा आहे: दोन मोत्ये गळाली, इतक्या मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. त्या लिहिणाऱ्याने मोजता आले ते मोजून सांगितले आणि जेथे मोजणी झाली नव्हती तेथे तसे स्पष्ट लिहिले. (तरीही भाऊसाहेबांच्या मृत्यूवर अनेकांचा विश्वास बसला नाही आणि पुढे त्यांचा तोतया उभा राहून त्याच्या मागे माणसे जमली, ही गोष्ट निराळी.) आजच्या बातमीत चढाईनंतर तासाभरात मृतांचा नेमका आकडा आला, तर जळत्या ठिकाणी जाऊन कोणी मोजले हे विचारावे. ‘किमान’, ‘सुमारे’, ‘अद्याप पुष्टी नाही’ हे शब्द वापरणाऱ्या बातमीवर मी अधिक भरवसा ठेवतो.

मौन हीसुद्धा एक बातमी असते, पण तिचा अर्थ लावताना घाई करू नये. सरकार आणि सैन्य काही गोष्टी लपवतात त्या नेहमी फसवण्यासाठीच असतात असे नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरील हल्ल्यात कमांडोंच्या हालचालींचे थेट प्रक्षेपण पाहून पाकिस्तानातले सूत्रधार दहशतवाद्यांना फोनवरून सूचना देत होते. २६ एप्रिल २०२५ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने लष्करी हालचालींचे थेट प्रक्षेपण टाळण्याची सूचना वाहिन्यांना दिली, तिच्यात त्या अनुभवाचा उल्लेख होता. तेव्हा दोन प्रकारचे मौन वेगळे ओळखावे: एक चालू मोहिमेचे रक्षण करते, दुसरे मोहीम संपल्यावरही नुकसान झाकते. विमाने पडली की नाही, या प्रश्नावर ११ मे २०२५ रोजी हवाई दलाच्या अधिकाऱ्यांनी ‘नुकसान हा लढाईचा भाग असतो’ एवढेच सांगितले होते, आणि ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी काही विमाने गमावल्याचे मान्य केले, मात्र पाकिस्तानचा सहा विमानांचा दावा फेटाळला. ज्याने ११ तारखेचे वाक्य नीट वाचले होते त्याला ३१ तारखेला धक्का बसला नसणार, कारण नकार त्या वाक्यात कधीच नव्हता.

शत्रूच्या देशातली वृत्तपत्रेही वाचावीत, आणि ती खोटे पकडण्यासाठी वाचावीत तशीच खरे शोधण्यासाठीही. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री इशाक दार यांनी मे २०२५मध्ये तेथील सिनेटमध्ये ब्रिटनच्या ‘डेली टेलिग्राफ’चे पाकिस्तानी हवाई दलाची स्तुती करणारे पान पुढे केले. ते पान बनावट आहे, हे छापले ते कराचीच्या ‘डॉन’ने.

येथवर आलेल्या वाचकाला एक दुसराच रोग जडण्याचा धोका असतो, तो म्हणजे ‘सगळेच खोटे’ म्हणून हात झटकण्याचा. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१७मध्ये, जर्मन लोक आपल्याच मृत सैनिकांची प्रेते उकळून चरबी काढतात अशी हकीकत ब्रिटिश वृत्तपत्रांनी छापली. १९२५ साली ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी संसदेत ती निराधार असल्याचे स्वीकारले. पुढे दुसऱ्या महायुद्धात ज्यूंच्या संहाराच्या खऱ्या वार्ता पोलंडमधून येऊ लागल्या, तेव्हा अनेक सुशिक्षित लोकांनी त्या मागच्या वेळेसारख्याच भाकडकथा समजून बाजूला सारल्या. कुवेतमध्येही पेट्यांची गोष्ट खोटी ठरली म्हणून इराकी सैन्याने तेथे केलेले अत्याचार खोटे ठरत नाहीत. म्हणून दावा ‘खरा’ किंवा ‘खोटा’ अशा दोनच खणांत टाकू नये. ‘अजून ठरले नाही’ हा तिसरा खण ठेवावा आणि युद्धाच्या पहिल्या दोन दिवसांत बहुतेक सर्व माल त्यातच जाईल अशी तयारी ठेवावी.

यासाठी मी शाळेची शंभर पानी वही वापरतो. पानावर चार रकाने आहेत: दावा, तो कळल्याची तारीख आणि वेळ, ‘म्हणे’चा धनी, आणि पंधरा दिवसांनंतरची स्थिती. चौथा रकाना भरण्यासाठी कॅलेंडरवर खूण करून ठेवावी लागते, नाहीतर तो कोराच राहतो, कारण तोपर्यंत वाहिन्या क्रिकेटकडे वळलेल्या असतात. मे २०२५च्या माझ्या पानावर सतरा दावे आहेत. त्यांतले नऊ खोटे निघाले, चार बरेचसे खरे, आणि चारांपुढे आजही प्रश्नचिन्ह आहे. एका वाचकाच्या वहीवरून कोणताही सिद्धान्त निघत नाही, पण कोणत्या वाहिनीचे नाव खोट्यांच्या ओळीत पुन्हा पुन्हा येते हे मला आता पाठ झाले आहे, आणि रिमोटवरचे ते बटण मी दाबत नाही.

राहता राहिला नातेवाइकांचा ग्रुप. तेथे ‘हे खोटे आहे’ असे लिहिले की भांडण देशभक्तीवर येते आणि व्हिडिओ बाजूला राहतो, हे मी दोनदा अनुभवले आहे. आता मी फक्त प्रश्न लिहितो. परवा मामांनी कोठल्या तरी दूरच्या युद्धातला धुराचा लोट पाठवला, तेव्हा विचारले, ‘मामा, हा कुठल्या गावचा आणि कधीचा?’ अर्ध्या तासाने त्यांचे उत्तर आले, ‘मलाही पुढून आला. थांब, विचारतो.’