मिरगाआधी आगराचे कागद

मिरग पंधरा दिवसांवर आलाय. सुक्या झावळ्या उतरवल्या, पाट उपसले, की एक दुपार आगराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या, सातबाऱ्यासाठी काढा. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग, दापोलीकडच्या बागायतदारांना हे जास्त कळकळीने सांगतोय. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, माड-पोफळी एका दुपारात आडव्या झाल्या. सरकारी मदत मात्र किती जणांची अडकली ती कागदापायी.

सगळ्यात मोठा घोळ सामाईक सातबाऱ्याचा. आमच्याच आठ गुंठ्यांच्या आगरावर अकरा नावं. दोन काका वारलेले, एक चुलतभाऊ बोरिवलीला, आत्या बडोद्याला. रक्कम एकाच्या खात्यात घ्यायची तर बाकीच्यांचं संमतीपत्र मागतात. वादळानंतर लाइट नाही, रेंज नाही, एसटी बंद, आणि सह्या गोळा करायच्या! मी त्यातून गेलोय. चाकरमानी सुट्टीत गावात आहेत तोवर तलाठ्याकडून संमतीपत्राचा नमुना बघून घ्या आणि सह्या उरका. मयतांची वारस नोंद राहिली असेल तर तो अर्ज आत्ताच टाका.

मग सातबाऱ्यावर झाडं लागलीत का ते बघा. उभं आगर असून कागदावर नुसतं गवत, हे आपल्याकडे सर्रास. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरच्या पीक नोंदणीत, नारळ-सुपारी राहून गेली असेल तर येत्या खरिपात मिश्र पीक म्हणून नोंदवा.

झाडं स्वतः मोजा. खोडावर चुन्याने आकडे टाका, लागती झाडं वेगळी, रोपं वेगळी, आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कशासाठी? केंद्राच्या आपत्ती निधीच्या 2022 ते 2026 च्या निकषांत बहुवार्षिक बागेला हेक्टरी 22,500 रुपये होते, तेही नुकसान 33 टक्के किंवा जास्त असेल तर आणि 2 हेक्टरपर्यंतच. म्हणजे गुंठ्याला साधारण 225. आठ गुंठ्यांचे 1,800 होतात. किमान मदत 2,500 ठरलेली होती म्हणून तेवढे तरी हातात पडत. निसर्गच्या वेळी राज्याने हेक्टरी 50,000 केले, पण गुंठ्यावारी आगरवाल्यांच्या पदरात काय पडणार? ओरड झाल्यावर झाडावर हिशेब आला : माडाला 250, पोफळीला 50. बाणवली जातीचा माड धरायला सहा-सात वर्षं घेतो. 250 रुपयांना भरपाई म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण असा हिशेब परत लागला, तर मोजदाद असलेल्याचंच चालेल. रक्कम दर वेळी शासन निर्णयात ठरते, व्हॉट्सॲपवरच्या आकड्यावर जाऊ नका.

झाडं पडलीच तर पंचनाम्याआधी करवत लावू नका. घरावर किंवा वाटेवर आलेलं तोडावंच लागतं. त्याचा फोटो विहीर, घर असं काहीतरी ओळखीचं दिसेल असा घ्या. पंचनाम्यावर सही करताना सर्व्हे नंबर, हिस्सा आणि झाडांची संख्या वाचून घ्या. हिस्सा चुकला की पुढे सगळंच चुकतं. पंचनामा झाला की माडाची खोडं कुजत ठेवू नका, गेंड्या भुंगा त्यातच वाढतो आणि उरलेल्या माडांच्या शेंड्यात शिरतो. पडलेला साग, खैर विकणार असाल तर वन खात्याचा वाहतूक परवाना हातात आल्याशिवाय गाडी भरू नका. आंबा-काजूचा फळपीक विमा हे वेगळं प्रकरण, त्याचा या मदतीशी संबंध नाही.

यादीत नाव आलं आणि ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) मागितली, तर यादीतला आपला विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रात ती करायची. पैसे जातात ते आधारला जोडलेल्या खात्यात. तुम्ही पंचनाम्यात लिहून दिलेलं खातं तेच असेल असं नाही. कुठलं खातं जोडलंय ते बँकेत आजच विचारा. आमच्या शेजारच्या आजी चार महिने तालुक्याला खेपा घालत होत्या. शेवटी गॅसच्या सबसिडीसाठी कधीकाळी उघडलेलं पासबुक ट्रंकेतून निघालं, छापून आणलं, तर पैसे केव्हाचे येऊन पडलेले.