कोईच्या अंगावर मेणासारखे थेंब: माझा अनुभव

दापोलीत गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीत माझे चार कोई, म्हणजे शोभेचे रंगीत कार्प मासे, आहेत. गेल्या डिसेंबरात दोघांच्या परांवर मेणबत्ती सांडावी तसे गुळगुळीत, दुधाळ थेंब उठले. खाणं मात्र नेहमीसारखं. बुरशी समजून आधी खडेमीठ, मग मेथिलीन ब्लू. महिना वाया गेला, बोटं तेवढी निळी झाली.

बुरशी कापसासारखी असते. हे घट्ट चिकटलेलं. म्हणजे कार्प पॉक्स, हर्पीसच्या कुळातला विषाणू, थंड पाण्यात डोकं वर काढणारा. पहाटे थर्मामीटर टाकला तर १७ अंश!

दोघांना टाकीच्याच पाण्यासकट ३०० लिटरच्या काचेच्या टाकीत हलवलं. हीटर लावून रोज एकच अंश वाढवत २६ वर नेलं. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हवेचे बुडबुडे सोडणारे एअरस्टोन दोन. पाणी बदलताना आधी हीटर बंद, नवं पाणी त्याच तापमानाचं. औषध शून्य. थेंब खरवडू नका, जखमेत जिवाणू शिरतात. तिसऱ्या आठवड्यात ते आपोआप गळाले.

विषाणू माशात राहतोच, म्हणून आता थंडी पडली की रात्री टाकीवर ताडपत्री.

कल्ले सडून पांढरे पडले, डोळे खोल गेले, तर मात्र कोई हर्पीस या दुसऱ्याच विषाणूचा संशय घ्या. तो १६ ते २८ अंशांतच मासे मारतो. तिथे माझा २६ चा उपाय चालायचा नाही.