‘लेड झेपलिन टू’चा आरएल कट कसा ओळखावा

रेकॉर्डच्या प्रदर्शनात लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या दुसऱ्या अल्बमची, म्हणजे ‘लेड झेपलिन टू’ची, जुनी अमेरिकन प्रत दिसली की लोक आधी कव्हर उघडून बसतात. तपकिरी रंग, पहिल्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिकांचा फोटो आणि त्यात घुसवलेले बँडचे चेहरे. बघायला छान आहे, पण आतली रेकॉर्ड आरएल कट आहे की नाही, ते त्यातून कळत नाही. इतक्या वर्षांत कुठल्या कव्हरची सोयरीक कुठल्या रेकॉर्डशी लागली, याचा हिशेब कोणाकडे नाही. कव्हर बाजूला ठेवा आणि रेकॉर्ड बाहेर काढा.

आरएल म्हणजे रॉबर्ट लडविग, आणि कट म्हणजे टेपवरचा आवाज मूळ चकतीवर खाचेच्या रूपात कोरणं. त्या चकतीवरून साचे बनतात आणि साच्यांतून रेकॉर्ड दाबतात. १९६९ साली न्यूयॉर्कच्या स्टर्लिंग साउंडमध्ये त्यानं या अल्बमचा कट केला आणि तो चांगलाच दणदणीत केला. रेकॉर्डवर खर्ज जितका मोठा, तितकी खाच डावी-उजवीकडे जास्त झोके घेते. स्वस्तातल्या प्लेअरची सुई अशा वळणावर टिकत नाही, उडते. लडविगनं सांगितलेली हकिकत अशी की अटलांटिक कंपनीचे एक संस्थापक अहमत एर्टेगन यांच्या मुलीच्या प्लेअरवर नेमकं हेच झालं, आणि कंपनीनं आवाज उतरवलेला नवा कट करून घेतला. बाजारात बहुतेक वेळा भेटतो तो हा उतरवलेला.

लेबल बघायला दहा सेकंद पुरतात. लाल-हिरवं अटलांटिक लेबल, क्रमांक एसडी ८२३६, खालच्या कडेला १८४१ ब्रॉडवेचा पत्ता. तिथं रॉकफेलर प्लाझा असेल तर रेकॉर्ड परत ठेवा, ती नंतरची आहे. पण ब्रॉडवे दिसलं म्हणून लगेच पाकीटही काढू नका. हेच लेबल पुढं काही वर्षं चालू होतं, आणि ‘ब्रॉडवे म्हणजे आरएल’ हा सल्ला बहुधा विकणाऱ्यांनीच पसरवला असावा. ब्रिटनमध्ये निघालेली प्लम म्हणजे जांभळट लेबलची प्रत ही वेगळीच गोष्ट. तिचे चाहते आहेत, तिचा भावही आहे, पण तो कट लडविगचा नाही.

आता खरं काम. शेवटचं गाणं आणि लेबल यांच्यामधली जी गुळगुळीत पट्टी असते, ती डेड वॅक्स. तिथं मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या बाजूच्या कटचा क्रमांक असतो, कारखान्याच्या खुणा असतात, आणि नशीब असेल तर हातानं कोरलेली बारीक ‘आरएल’ ही सही आणि स्टर्लिंग साउंडची ‘एसएस’ ही अक्षरं.

हे वाचायला मला दोन वर्षं आणि दोन चुकीच्या खरेद्या लागल्या. न्यू जर्सीत राहायला आल्यावर एका शाळेच्या जिममध्ये भरलेल्या प्रदर्शनात मी पहिली ‘आरएल’ घेतली. डोक्यावर ट्यूबलाइट, मागं रांग, विकणारा म्हणतोय की बघून घ्या. मी रेकॉर्ड दिव्याकडे तिरकी धरली, आर दिसला, पुढं काहीतरी उभं दिसलं, पैसे दिले. घरी आल्यावर कळलं की ते एका गोलात बसवलेले ‘एमआर’ आहेत. ही लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याची खूण, शेजारी त्रिकोण आणि एक आकडा. रेकॉर्ड कुठं दाबली ते ती सांगते, कोणी कट केली ते नाही. मोनार्कची खूण असलेली प्रत आरएल असू शकते किंवा नसू शकते. त्या खुणेवर आनंदही नको आणि नाराजीही नको.

दुसऱ्या वेळी मी हुशार झालो होतो. पहिल्या बाजूला आरएल स्वच्छ दिसली, अगदी शंकाच नाही. ‘होल लॉटा लव्ह’ घरात असं वाजलं की बायकोनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मग बाजू पालटली आणि ‘हार्टब्रेकर’ची सुरुवातच मऊ पडली. दुसऱ्या बाजूला सहीच नव्हती. प्रत्येक बाजूचा कट वेगळा, साचा वेगळा. कारखान्यात यंत्रावर जे दोन साचे चढले, त्यांची रेकॉर्ड झाली. एक जुना, एक नवा असं सहज होतं. म्हणून दोन्ही बाजू वाचा, आणि स्वतः वाचा. ‘मी बघितलंय’ म्हणणाऱ्या विक्रेत्यानं बहुतेक वेळा एकच बाजू बघितलेली असते, खोटं बोलण्याइतका तो कष्टही घेत नाही.

वाचायची पद्धत अशी. रेकॉर्ड कडेनं धरा. मोबाइलचा टॉर्च वरून मारू नका, नुसती चकाकी येते. टॉर्च रेकॉर्डच्या जवळजवळ समपातळीवर, एका बाजूनं धरा, म्हणजे कोरलेल्या रेषांना सावली पडते. दिवा स्थिर ठेवा आणि रेकॉर्ड हळूहळू फिरवा, एक पूर्ण फेरा. अक्षरं मॅट्रिक्स नंबरच्या शेजारीच असतील असं धरून थांबू नका. काही दिसलं की डोळे ताणण्यापेक्षा कॅमेऱ्यानं मोठं करून बघा. मी दहापट भिंगही खिशात ठेवतो, पण मोबाइल पुरतो. ओरखड्याची आणि अक्षराची गल्लत होऊ शकते. ओरखडा बहुतेक वेळा पट्टी ओलांडून गाण्याच्या खाचांत किंवा लेबलवर जातो, अक्षर पट्टीतच राहतं.

मॅट्रिक्सचं शेवटचं अक्षर ए असेल तर तो सगळ्यात जुना कट, असं सांगणारे भेटतील. त्या अक्षराकडे बघू नका, सहीकडे बघा.

पुण्या-मुंबईत बसून परदेशातून मागवत असाल तर फोटोवर भिस्त. दोन्ही बाजूंच्या डेड वॅक्सचे फोटो मागा, आणि प्रत्येक फोटोत लेबलचा बाजू क्रमांक दिसला पाहिजे ही अट घाला. नाहीतर एकच बाजू दोन कोनांतून येते. अट ऐकून विक्रेता गप्प झाला तर तुम्हीही गप्प व्हा.

सही सापडली तरी थांबा. हा कट त्या काळात जड सुयांच्या प्लेअरवर, पार्ट्यांत, वर्षानुवर्षं घासला गेलाय. चकाकणारी रेकॉर्ड आतून संपलेली असू शकते, आणि धुऊन ते भरून येत नाही. शक्य असेल तर ऐका. सुरुवातीचं गाणं ऐकून फसू नका. रेकॉर्ड आतल्या बाजूला आधी बिघडते. पहिल्या बाजूचं शेवटचं ‘थँक यू’ लावा, शेवटाकडे ऑर्गन विरतो आणि परत येतो तिथं. त्या शांततेत खरखर किती ते कळतं. मग ‘होल लॉटा लव्ह’च्या मधल्या भागात झांजा ऐका. त्या थुंकल्यासारख्या फुटत असतील तर आरएल असूनही सोडून द्या.

याच गाण्याच्या शेवटी गायक रॉबर्ट प्लांटची आरोळी यायच्या आधी तीच आरोळी अंधूक ऐकू येते. तो रेकॉर्डचा दोष नाही. आवाज मूळ टेपवरच झिरपलेला होता. बँडचा गिटारिस्ट जिमी पेज आणि ध्वनी अभियंता एडी क्रेमर यांना मिक्स करताना तो काढता येईना, म्हणून त्यांनी त्यावर उलट आणखी घुमारा चढवला. हे माहीत नव्हतं तेव्हा मी एक चांगली प्रत त्या भुतासाठी परत ठेवली होती, आणि माझ्या मागच्या माणसानं ती उचलली.

घरी आणल्यावर धुवा. सुई उडाली तर आधी टोनआर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचं, सुईवर पडणारं वजन तपासा, कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) शिफारशीच्या वरच्या टोकाला न्या. वजनासाठी दांड्यावर नाणं ठेवू नका. एवढं करून ‘होल लॉटा लव्ह’वर उडतच असेल तर प्लेअर बदला, रेकॉर्ड नाही.